रडू न येणाऱ्या बाईची कविता

पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

मॅडम, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४१. अंगणवाडीत मदतनीस आहे, घरी पाच एकर वावर. कार्तिकात माझे मालक गेले. छातीत दुखतंय म्हणाले, तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. बांगड्या फोडल्या तेव्हा नाही, राख सावडली तेव्हा नाही, तेरवीलाही नाही. कापूस फुटून लोंबत होता म्हणून चौथ्या दिवशी वेचणीला बाया लावल्या. संध्याकाळी काट्यापाशी उभी राहून वहीत सगळ्यांची वजनं लिहिली. गावात बोलणं झालं, “हिले काहीच वाटलं नाई.” सासूबाई रोज दिवस बुडताना ओसरीवर बसून लेकाच्या नावाने हाका मारत रडतात. मला म्हणतात, “तू त गोट्याची हायेस.” यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखू-सुपारीचा अर्धा खर्रा निघाला, पन्नीत गुंडाळलेला. मी तो फळीवर ठेवला आहे. येता-जाता बघते. काही होत नाही. टाकावा की ठेवावा, तेही ठरत नाही.

शाळेपासून मला कवितांचं वेड. आता रात्री मुलं झोपली की जुनी वही काढते. वाटतं, एखादी तरी रडवेल. शब्द कळतात, आत काही हलत नाही. कवितेत सगळ्यांचं काळीज फाटतं, आभाळ कोसळतं. ग्रेससारखा कवीही आई गेल्यावर रडला. माझ्यासारखीवर कुणी लिहिलंय का? की मी खरंच दगड झाले?

उत्तर:

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मग बाकीचं. हो, लिहिलंय. आपल्या आणि परक्या, जुन्या आणि अलीकडच्या कवींनी लिहिलंय आणि चांगलं लिहिलंय. ते तुमच्या वहीत आलं नाही, कारण शाळेचं गॅदरिंग असो की श्रद्धांजलीचा बॅनर, सगळीकडे हमसून रडणारी कविताच निवडली जाते. ती म्हणायला सोपी आणि समोरच्याला लगेच पोचते. न रडणारी कविता स्टेजवर पडते.

तुकोबांपासून सुरू करू, गाथा तुमच्या गावात कुणाकडे तरी असेलच. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली. “स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली” हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पण घरातल्या मरणांवरचा त्यांचा आणखी एक अभंग बघा. त्यात ते म्हणतात: बाप मेला न कळतां. बाइल मेली मुक्त जाली. पोर मेलें बरें जालें. माता मेली मज देखतां.

चार मरणं, एकाखाली एक. एकेकाला अर्धी ओळ. कुणाचं नाव घेतलेलं नाही, कुणाला हाक मारलेली नाही, डोळ्यांत पाणी आल्याचा उल्लेख नाही. कीर्तनात याचा अर्थ वैराग्याकडे नेतात. ते चूक नाही, ध्रुवपदात “विठो तुझें माझें राज्य” आहेच. पण मी वर्गात हा अभंग घ्यायचे तेव्हा “पोर मेलें बरें जालें” आलं की मागच्या बाकावरची मुलं दचकून हसायची आणि मला त्यांचं ते हसणं कीर्तनकाराच्या अर्थापेक्षा अचूक वाटायचं. पोटच्या पोराबद्दल इतकं कोरडं बोलणारा माणूस निवांत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. एका माणसाला सोसता येईल त्याच्या पलीकडे गेलं की आवाज असा सपाट होतो. तुम्ही काट्यापाशी उभ्या राहून कुणाचे अठरा किलो, कुणाचे बावीस किलो लिहीत होतात, तेव्हा तुमच्या हातून जे झालं ते या अभंगाच्या फार जवळचं आहे. सांगता येत नव्हतं, म्हणून मोजलंत. शिवाय फुटलेला कापूस तुमच्या सुतकासाठी थांबणार नव्हता. अवकाळीची एक सर आली असती की सगळ्याची कवडी झाली असती. वर्षाचं पीक होतं ते. हे बोलणाऱ्या बायांनाही माहीत आहे, त्यांचीही वावरं आहेत.

आता आपल्या विदर्भाचाच एक कवी. भवभूती, आठव्या शतकातला. आपलं गाव पद्मपूर असं त्याने नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितलंय आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पद्मपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी मांडलंय. त्याचं उत्तररामचरित हे संस्कृत नाटक सीतेला वनात सोडल्यानंतरच्या रामाचं आहे. लक्षात घ्या, या रामाने बारा वर्षं राज्य केलेलं आहे. दरबार भरवलाय, निवाडे केलेत, यज्ञ मांडलाय, यज्ञात शेजारी सीतेची सोन्याची मूर्ती बसवलीय. अयोध्येतही कुणी ना कुणी म्हणालंच असेल, याला काहीच वाटलं नाही.

तिसऱ्या अंकात राम पंचवटीच्या रानात परत येतो. तो रंगमंचावर येण्याआधी दोन नद्या आपसात बोलत असतात, तमसा आणि मुरला. मुरला सांगते की रामाचं दुःख फुटून बाहेर येत नाही, ते फार खोल आहे, आतल्या आत दाटलंय, पुटपाकासारखं. पुटपाक म्हणजे वैद्यांची औषध भाजायची रीत. औषध मातीच्या दोन परळांत घालायचं, सांधा चिखलाने लिंपून बंद करायचा आणि परळ गोवऱ्यांच्या आगीत ठेवायचा. बाहेरून वाफ दिसत नाही, उकळी ऐकू येत नाही. तापतं मात्र सगळं आत. गाव तुमच्याकडे बघतं तेव्हा त्याला वरचा लिंपलेला चिखल दिसतो.

पुढे त्याच अंकात राम स्वतः बोलतो. माझ्या साध्या मराठीत सांगते: हृदयाला तडा जातो, पण त्याचे दोन तुकडे होत नाहीत. अंगाला भोवळ येते, पण शुद्ध जात नाही. आतली आग जाळते, पण राख करत नाही. दैव वर्मावर घाव घालतं, पण जीव घेत नाही. चारही वेळा गोष्ट निम्म्यावर येऊन अडते. काळीज फाटल्याच्या कविता तुम्ही भरपूर वाचल्यात. हा माणूस सांगतोय की फाटलं असतं तर निदान निकाल लागला असता. तुम्ही पत्रात लिहिलंय “काही होत नाही”, ते मला या चार ओळींपेक्षा फार वेगळं वाटत नाही.

याच अंकात आणखी एक श्लोक आहे आणि तो तुमच्या सासूबाईंचा आहे. तळं काठोकाठ भरलं की पाणी वाहून जाऊ देणं हाच त्याला उपाय. शोकाने ढवळलेलं मनही विलाप केल्यानेच टिकून राहतं. धरणाखाली वावर असलेल्या माणसाला सांडवा समजावून सांगायला नको. म्हणजे बंद परळ आणि वाहता सांडवा, भवभूतीने दोन्ही एकाच अंकात ठेवलेत. एक खरं आणि दुसरं खोटं, असं त्याने कुठे म्हटलेलं नाही. तुमच्या घरात तर ही दोन्ही एकाच ओसरीवर आहेत. त्यांचा लेक गेला, तुमचा नवरा गेला. त्यांचं बाहेर वाहतंय, तुमचं आत तापतंय. तुमच्या न रडण्यामुळे त्यांना रोज संध्याकाळी एकटीने रडावं लागतं, म्हणून त्या गोटा म्हणतात. त्यांच्या शिवीत मला तरी राग कमी आणि सोबतीची मागणीच जास्त ऐकू येते.

तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा. रडायला नाही, नुसतं बसायला. भाजी निवडायला घ्या, तुरीच्या शेंगा सोला. एकदा सरळ सांगा, “आई, मले रडू येत नाई. पण मी तुमच्यापाशी बसतो.” आपल्याकडे मयतीच्या घरी बायका हेल काढून रडतात, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असतंच असं नाही. एकजण सूर धरते, बाकीच्या पाठीवर हात ठेवून बसतात. त्या हात ठेवून बसणाऱ्या बायकांना कुणी गोटा म्हणत नाही.

बांगड्या फोडताना रडू आलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. चार बायका मनगट धरून जे करतात तो तुमचा शोक नव्हे, ते तुमच्यावर केलेलं काम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव करून हे बंद केलं. तुमच्या ग्रामसभेत कधी विषय निघाला तर हात वर करा. बहिणाबाईंनी याबद्दल लिहिलंय. ऐन तरुणपणी नवरा गेला, पदरात लेकरं. “झाड गेलं निंघीसनी, मांघे सावली उरली” असं त्या धरतीमातेला विचारतात, ही कसली जादू झाली म्हणून. बुलढाण्याकडच्या आपल्या माणसांना ही बोली अर्थ न सांगता कळते. मग काय काय उरलंय त्याची त्या उजळणी करतात: कुंकू पुसलं तरी गोंदण आहे, बांगड्या फुटल्या तरी मनगटात करतूत आहे. आणि स्वतःच्याच जिवाला दटावतात, रडू नको. म्हणजे इथेही रडणं नाही, यादी आहे. तुकोबांनी गेलेल्यांची केली, यांनी उरलेल्याची केली.

बाहेरच्यांपैकी दोघांचं सांगते. अमेरिकेतल्या एमिली डिकिन्सनची १८६२ च्या सुमाराची एक कविता आहे. ती म्हणते, मोठ्या वेदनेनंतर माणसात एक औपचारिकपणा येतो. नसा थडग्यांसारख्या शिस्तीत बसून राहतात. पाय यंत्रासारखे फिरत राहतात, कुठे चाललोय याची त्यांना पर्वा नसते. या वेळेला ती शिशाची घटका म्हणते. तेरवीच्या पंगतीत तुम्ही “वरण घ्या, भात घ्या” करत फिरलात ना, त्याच घटकेत फिरलात. कविता शेवटी दिलासा देत नाही. बर्फात गारठणाऱ्या माणसाचं सांगते: आधी थंडी, मग गुंगी, मग सोडून देणं. आणि ही घटका आठवायची तर आधी तिच्यातून जगून बाहेर पडावं लागतं, असंही सांगते. मला ही कविता आवडते ती याच कारणाने, ती खोटं बोलत नाही.

दुसरा इंग्रज कवी टेनिसन. त्याचं १८५० मध्ये छापलेलं एक गाणं आहे. लढाईत मेलेल्या योद्ध्याला घरी आणतात, बायको रडत नाही. दासी म्हणतात, ही रडली नाही तर मरेल. त्याचं गुणगान करून बघतात, चेहऱ्यावरचं कापड काढून बघतात, काही नाही. शेवटी नव्वदीची म्हातारी दाई त्याचं मूल तिच्या मांडीवर ठेवते आणि उन्हाळी वादळासारखे अश्रू कोसळतात. सुंदर आहे. पण या कवितेने आणि तिच्या वळणावर निघालेल्या सिनेमांनी तुमच्यासारख्या बायांचं फार नुकसान केलंय. रडली नाही तर आजारी पडेल, वेड लागेल, हे सरसकट खरं नाही. कितीतरी माणसं फारसं न रडता शोकातून बाहेर येतात आणि पुढेही नीट राहतात. तुमच्या गावातल्या कुणी तुमच्या मुलाला पुढे ढकलून हा प्रयोग करू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ब्रिटनमधले जॉन बोल्बी आणि कॉलिन मरे पार्क्स या मानसोपचारतज्ज्ञांनी शोकाची वाटचाल मांडली तेव्हा पहिला टप्पा बधिरपणाचाच धरला. दुःख नसल्याची खूण म्हणून त्यांनी तो मांडला नाही, दुःखाची सुरुवात म्हणून मांडला. कुणात तो दोन दिवस राहतो, कुणात बराच लांबतो.

हसूही येत नाही, हे तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे. गालिबचा शेर आहे, पूर्वी स्वतःच्या मनाच्या हालतीवर हसू यायचं, आता कशावरच येत नाही. बधिरपणा निवड करत नाही, रडू नेतो तसं हसूही नेतो. अंगणवाडीतल्या पोरांचे चाळे बघून चेहरा हलत नसेल तर घाबरू नका.

ग्रेसचं तुम्ही म्हणता ते बरोबर. “घनव्याकुळ मीही रडलो” असं ते लिहितात. पण लगेच पुढची ओळ वाचा. रडताना त्यांना दिसतो वारा, तो पाचोळा उडवतोय. आई गेलीय आणि डोळे पाचोळ्यावर आहेत. दुःखात नजर अशी भलत्याच गोष्टीवर जाऊन बसते आणि हटत नाही. तुमची खर्ऱ्याच्या पन्नीवर बसली आहे. ठेवा तो. किती दिवस ते ठरवू नका. सासूबाई टाका म्हणाल्या तर डब्यात घालून कपाटात ठेवा. त्याच्याकडे बघून काही झालं पाहिजे, ही अट मात्र काढून टाका.

तीच अट तुम्ही कवितांनाही घातली आहे. पायाला मुंग्या आल्यावर जीव आहे की नाही हे बघायला आपण रात्रभर सुई टोचत बसत नाही. रोज रात्री वही काढून “आज तरी रडू येतं का” हे तपासणं त्यातलंच आहे, ते काही दिवस बंद करा. वाचावंसं वाटलं तर वर सांगितलेला अभंग वाचा, दिवसा, मोठ्याने. लेकीला वाचायला लावलंत तर आणखी बरं.

आणि लिहा. वेचणीच्या त्या वहीची मागची पानं कोरी असतील. कविता लिहायची नाही, तुकोबांसारखी नोंद करायची. त्या दिवशी सकाळी ते किती वाजता उठले. चहा घेतला का. कोणता शर्ट होता. बंडी कुणाची मागवली की ऑटो केला. रस्त्यात काय बोलले. दवाखान्याच्या दारात कोण उभं होतं. एका वाक्यात एकच गोष्ट. “काळीज”, “अश्रू”, “आठवण” हे शब्द वापरायचे नाहीत. पाच ओळी झाल्या की वही मिटून ठेवायची. यातून रडू येईलच असं मी म्हणत नाही, तो हेतूही नाही. सध्या तुमच्याकडे भावना हाताशी नाहीत, तपशील आहेत. ते तीन-चार महिन्यांत पुसट होतात आणि मग माणूस त्यासाठी हळहळतो.

मुलांचं एक सांगायचं राहिलं. आई रडत नाही, आजी फक्त रडते, म्हणजे बाबांचं नाव घरात काढायचं नाही, असं मुलं स्वतःच ठरवून टाकतात. मोठी बारावीला आहे, ती तुम्हाला जपायला म्हणून गप्प राहील. तेव्हा नाव तुम्हीच काढा, साध्या बोलण्यात. “तुह्या बाबाले ही भाजी आवडे.” “मोटारीचं बटन ते असं दाबत.” आवाज सपाट निघाला तरी चालेल.

आता जे कवितेने भागत नाही ते. झोप अजिबात लागत नसेल किंवा दिवसभर उठवत नसेल, जेवण तुटलं असेल, अंगणवाडीचं आणि घरचं काम हातून होईनासं झालं असेल, आपण इथे नाहीच, सगळं काचेपलीकडे चाललंय असं सतत वाटत असेल, तर थांबू नका. सहा महिने उलटूनही आजच्यासारखंच राहिलं तरी दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आशाताईंना विचारलंत तर कोणत्या दिवशी डॉक्टर बसतात ते कळेल. हातपाय खरोखर बधिर पडत असतील, छातीत भरून येत असेल, तर ते शोकावर ढकलू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. फवारणीचं उरलेलं औषध घरात ठेवलं असेल तर ते आजच कुलपात टाका आणि किल्ली दिराकडे किंवा शेजारी द्या. हे मी शोक असलेल्या प्रत्येक शेतकरी घराला सांगते, तुमच्याबद्दल शंका म्हणून नाही. आणि जगावंसं वाटत नाही असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रीही सुरू असते, मराठीत बोलता येतं. एकटीने बोलायला जड गेलं तर लेकीला किंवा आशाताईंना शेजारी बसवा. सुरुवात कशी करायची म्हणून फोन हातात धरून बसू नका. “माझे मालक वारले आणि मला रडू येत नाही” एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न ते विचारतात.